डाक आवृत्तीतली सभा

"तुमी नव्हता, बाई. आमी होतो," रशीदभाई म्हणाले. चहाचा कप माझ्यापुढं ठेवून ते फडक्यानं टेबल पुसत राहिले. टेबल कोरडंच होतं.

मी पुन्हा म्हणाले, "पण काल इथं सभा झालीच नाही. हेलिकॉप्टर उतरलंच नाही."

हॉटेलात कुणी हसलं नाही, कुणी चिडलंही नाही. आजारी माणसाकडं बघतात तसं सगळे माझ्याकडं बघत होते. दाराजवळच्या बाकावरून पंडितअप्पा उठले. सर्जेरावांचे जुने कार्यकर्ते. त्यांनी पेपर उलगडून माझ्यापुढं धरला.

"मग हे काय हाय?"

पेपर आमचाच होता.

~

धामणसांगवी (वार्ताहर) : येथील बाजार मैदानावर काल सायंकाळी मा. सर्जेराव इंगवले यांची विराट जाहीर सभा अभूतपूर्व उत्साहात पार पडली. "ज्यांना आमचे पटत नसेल त्यांनी आपली वाट धरावी," असे त्यांनी नियोजित तलावाच्या विरोधकांना ठणकावताच टाळ्यांचा कडकडाट झाला. सभेदरम्यान एका इसमाने काळा झेंडा दाखविण्याचा प्रयत्न केला असता पोलिसांनी त्यास ताब्यात घेऊन जीपमधून नेले. त्यानंतर सभा शांततेत पार पडली.

~

याला आता बरीच वर्षं झाली. ते दैनिक बंद पडलं, सर्जेराव गेले, त्यांचा पक्षही कुठल्याशा पक्षात विरघळला. तेव्हा मी त्या दैनिकात उपसंपादक होते. आमच्या दोन आवृत्त्या निघत. शहराची आवृत्ती रात्री उशिरा छापायची. लांबच्या तालुक्यांसाठी डाक आवृत्ती असायची, ती संध्याकाळीच छापून एसटीत टाकावी लागे. त्यामुळं लांबच्या गावची संध्याकाळची सभा डाक आवृत्तीत घ्यायची तर बातमी सकाळीच यायला हवी. भाषणाचा मजकूर नेत्याच्या कार्यालयातून फॅक्सनं यायचा. बाकीचं वार्ताहर भरायचा. गर्दी भरायचा, टाळ्या भरायचा. सगळेच असं करत. सभा ठरल्याप्रमाणं होई आणि बातमी खरी ठरे.

आदल्या संध्याकाळी धामणसांगवीची सभा झालीच नव्हती. शहर आवृत्तीत आम्ही 'सभा रद्द' असं छापलं. डाक आवृत्ती तोवर गेलेली होती.

"जाऊन ये," संपादक म्हणाले होते. "लोक भडकले असतील. दोन-चार प्रतिक्रिया घे, एखादी बाई पण घे. दिलगिरी छापून टाकू."

दुपारी एसटीतून उतरले तेव्हा प्रश्न कसे विचारायचे ते मी ठरवून आले होते. भडकलेलं कुणीच नव्हतं.

~

प्रतिक्रिया (पंडितअप्पा) :
"काय बोलला मानूस! अंगावर काटा आला बगा. वाट धरा म्हनला. बरोबर हाय. तलावाचं पानी पायजे आनि तलावाला इरोध बी करायचा, असं कसं जमंल?"

प्रतिक्रिया (बिडवे सर, हायस्कूलातून निवृत्त, विरोधक) :
"ही उघड धमकी आहे. मी पुढच्या रांगेत होतो. या कानांनी ऐकलंय. माझं नाव छापा. घाबरत नाही मी."

प्रतिक्रिया (रशीदभाई) :
"आपल्याला काय, चहा खपला. लई गर्दी होती."

प्रतिक्रिया (एक बाई, नाव छापू नये) :
"ते बोलता बोलता थांबले, चष्मा काढला, उपरण्यानं पुसला. मग म्हनले. मला तवाच वाटलं, आता कायतरी वंगाळ बोलनार."

चष्म्याचं बातमीत नव्हतं.

मी पंडितअप्पांना विचारलं, "ते वाक्य बोलण्याआधी त्यांनी काय केलं?"

अप्पांनी डाव्या हातानं नाकावरून काहीतरी उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, पुन्हा नाकावर ठेवलं. "असं केलं."

बिडवे सरांना वेगळं गाठून तेच विचारलं. आयुष्यात अप्पांबरोबर एका बाकावर न बसलेला माणूस. त्यांनीही डावा हात उचलला.

सर्जेरावांना मी जिल्ह्याच्या पत्रकार परिषदांत हातभर अंतरावरून पाहिलं होतं. ते चष्मा लावत नसत.

~

मैदान बघायला गेले. स्टेजचे बांबू अजून उभे होते. धूळ बसावी म्हणून आदल्या दिवशी सकाळी टँकरनं पाणी मारलं होतं. ते वाळून सगळ्या मैदानावर पापडासारखी पातळ खपली धरली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती अखंड होती. मी एक पाऊल टाकलं, ती मोडली. मागं वळून बघितलं तर मैदानभर माझी तेवढीच पावलं.

कडेनं एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. मैदान ओलांडलं असतं तर त्याचा रस्ता निम्मा झाला असता.

"मधून का नाही जात?" मी विचारलं.

"गर्दीत सायकल कशी घालावी?" तो म्हणाला. मग थांबला, मैदानाकडं बघितलं, आणि कडेकडेनंच पुढं गेला.

~

आमचा वार्ताहर शिवकांत मठपती. एसटी स्टँडसमोर त्याची पेपरची एजन्सी आणि फोनचं बूथ होतं. मी गेले तेव्हा तो काचेच्या खोक्यात बसून होता, फोन करायला नव्हे, नुसताच.

"मॅडम, तुम्हीच सांगा ह्यांना," तो म्हणाला. "मी हेलिपॅडवर होतो. कारखान्याच्या माळावर. वर आवाज आला, फिरला, गेला. वायरलेसवर निरोप आला, येत नाहीत. मी पळत आलो तर सकाळी बातमी सांगून झाल्यापासून लाइन डेड. शेवटी मोटरसायकलवर गावं पालथी घातली, तुम्हाला फोन लागला तेव्हा अंधार पडला होता."

"आणि इथं लोकांना कळलं नाही?"

"कळलं की! माणसं निघायच्या आतच पोलिसांची जीप फिरली. भोंग्यावरून सांगितलं, सभा रद्द, घरी बसा. गल्लीगल्लीत सांगितलं. मी स्वतः ऐकलं."

"मग आज हे असं का बोलतात?"

"सकाळी पेपर वाटला तेव्हा दोघं-तिघं हसले, म्हणले मठपती, फेकलीस. मीही हसलो. मग हॉटेलात अप्पांचं आणि सरांचं जुंपलं, तो काय बोलला यावरून. अप्पा म्हणले सल्ला दिला, सर म्हणले दम दिला. दोन तास भांडण चाललं. त्यात सभा झाली नाही असं कोण म्हणणार? म्हणलं तर दोघंही अंगावर येतात."

"काळा झेंडा कुठून आणलास?"

मठपतीनं माझ्याकडं बघणं टाळलं. "सर्जेरावांच्या सभेत निघतोच, मॅडम. दर सभेत. झेंड्याशिवाय बातमी पाठवली तर तुम्हीच डेस्कवरून फोन करता, विरोध झाला का म्हणून."

ते खरं होतं.

"आणि ह्या वेळी तर भागवत सुरवसे गावभर सांगत होता, मी दाखवणार म्हणून. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. तलावात जमीन जाणाराय. मी म्हणलं, नाव नको टाकायला. 'एक इसम' लिहिलं."

"त्याला भेटता येईल?"

"तो काल दुपारपासून घरी आलेला नाही," मठपती म्हणाला. "त्याची बायको सकाळी आली होती पेपर घ्यायला. कधी घेत नाही. आज दोन घेतले."

~

भागवतचं घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत सायकलींचे रिम टांगलेले, भिंतीवर लग्नाचा फोटो. नवऱ्या मुलाची डावी भुवई मधोमध तुटलेली. त्याच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, मला खाली बसू दिलं नाही, चटई झटकून आणली. पदराखाली घडी केलेला पेपर होता.

"ताई, तुमी हितं लिवलंय, जीपमदून नेलं. कुटं नेलं ते न्हाई लिवलं."

"शेवंताबाई, ते लिहिणाऱ्यानं बघितलेलं नाही."

"मग कुनी बघितलं?"

"कुणीच नाही. सभा झाली नाही. बातमी आधीच लिहिलेली होती."

त्यांनी पेपरची घडी पुन्हा नीट केली. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मालक जेवून गेले. काळं फडकं सदऱ्याच्या आत घातलं. मी म्हनलं, नगा जाऊ, सर्जेरावांची मानसं चांगली न्हाईत. परवा दुकानावर येऊन बोलून गेल्यात, झेंडा काडलास तर बगून घिऊ. ते म्हनले, पोलीस फार तर एक रात ठिवतील. आता पेपरात आलंय, पोलिसांनीच नेलं. गावानं बघितलंय. शेजारच्या सुलोचनानं बघितलंय, जीपमदी मदल्या सीटवर बसले होते. बिडवे सरांनी बघितलंय. आनि तुमी म्हनता सभाच न्हाई झाली."

"हो."

"सभा न्हाई झाली तर मग ते कुटं हायत?"

त्यांनी पेपर माझ्यापुढं सरकवला.

"तुमचं खरं धरलं तर मी काय धरू, ताई?"

बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी सर्जेरावांचं वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणत चाललं होतं. वाट धरावी. वाट धरावी. दुसऱ्या कुणीतरी शिवी हासडली.

~

पोलीस ठाण्यात फौजदार खरोसेकर एकटेच होते. मठपती सोडला तर अख्ख्या धामणसांगवीत माझ्यासारखं बोलणारा तो एकच माणूस भेटला, म्हणून मला एकदम हायसं वाटलं.

"कसली सभा? बंदोबस्त चार वाजायच्या आत मोडला. मीच जीप फिरवली. कुणाला ताब्यात घेतलेलं नाही. लॉकअप बघून घ्या."

मी बघितलं. लॉकअपमध्ये एक खाट होती आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल.

"मग भागवत सुरवसेला शोधा ना."

"कसा शोधू? बाई तक्रार देत नाही. सकाळपासून दोनदा येऊन गेली. डबा घेऊन येते. म्हणते तुमच्याच ताब्यात आहे, एवढा पोचवा. हरवल्याची तक्रार दे म्हणलं तर म्हणते, तक्रार दिली तर ते हरवले असं होईल." त्यांनी टोपी काढली आणि आत बघितलं, जणू तिथं काही लिहिलंय. "बरं, गावाला विचारायला माणसं पाठवली. जो तो म्हणतो, साहेब, तुमच्याच जीपमध्ये तर बघितला. आमचा शिपाई परत येऊन मला विचारतो, साहेब, जीप कोण चालवत होतं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मीच चालवत होतो की. भोंगा लावून." ते थांबले. "शेजारी कोणी बसलं होतं का, ते आता…"

मी निघाले तेव्हा ते बाहेर येऊन जीपच्या मधल्या सीटवर हात फिरवत होते.

~

संपादकांशी मठपतीच्या बूथमधून बोलले. लाइन आज सुरू झाली होती.

"किती चिडलेत?"

"कुणीच नाही. इथं सगळे म्हणतात सभा झाली."

पलीकडं संपादक हसले. "मग बरंच आहे."

"सर, एक माणूस गायब आहे. आपल्या बातमीमुळं सगळ्यांना वाटतंय तो पोलिसांकडं आहे. कुणी शोधत नाही. उद्याच्या डाकमध्ये ठळक छापा, सभा झाली नाही, कुणाला अटक झाली नाही."

"दिलगिरी शहर आवृत्तीत टाकतो. मालकांनी तेवढंच सांगितलंय."

"शहर आवृत्ती इकडं येत नाही, सर."

"तिकडून कुणाची तक्रारही नाही ना आली? तूच म्हणतेस. ज्यांनी तक्रार केली नाही त्यांची माफी कशी मागायची?"

मी फोन ठेवला. मठपती काचेबाहेर उभा होता.

"तू तरी चल माझ्याबरोबर," मी म्हणाले. "शेवंताबाईंना तुझ्या तोंडून सांग. तू लिहिलंस, तू सांग."

"सांगितलं असतं, मॅडम." तो मान खाली घालून पावत्यांची पिन काढत होता. "पण नीट बघायला गेलं तर मी हेलिपॅडवर होतो. कारखान्याच्या माळावर. मैदानावर काय झालं, ते मी छातीठोक कसं सांगू?"

~

ऊन उतरू लागलं तेव्हा मेंढपाळानं बातमी आणली. मैदानामागं दगडाची जुनी खाण आहे, तिच्यात माणूस पडलाय.

सगळं गाव निघालं. मैदानाच्या कडेकडेनं, ओळीनं, कुणी खपली मोडली नाही.

पुढचं सलग आठवत नाही. तुकडे आहेत.

खाणीच्या कडेला अप्पा आणि बिडवे सर शेजारी शेजारी उभे.

खाली फौजदार, शिपाई, सतरंजी. सतरंजी स्टेजवरची असावी, एका कोपऱ्याला झेंडूची पाकळी चिकटलेली.

माणूस उताणा. डोक्यामागं दगडावर काळं सुकलेलं. चेहऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. झोपलेल्या माणसासारखा, जरा वैतागलेला. डावी भुवई मधोमध तुटलेली.

मी जोरात म्हणाले, "हाच तो."

कुणी माझ्याकडं वळलं नाही.

फौजदारांनी वर बघून विचारलं, "ओळखतं का कुणी?"

प्रतिक्रिया (पंडितअप्पा) :
"आपल्या गावचा न्हाई."

प्रतिक्रिया (बिडवे सर) :
"भागवतला मी शाळेत शिकवलंय. हा तो नव्हे. त्याला तर नेलं ना. मी स्वतः बघितलं."

प्रतिक्रिया (रशीदभाई) :
"बाहेरचा दिसतो. सभेला आला असंल. लई लांबून लांबून आले होते."

प्रतिक्रिया (शेजारीण सुलोचना) :
"भागवतभाऊजी जीपमदी होते की."

सकाळपासून हे गाव दोन तोंडांनी बोलत होतं. खाणीच्या काठावर पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. मी फौजदारांकडं बघितलं. ते मघाशी माझ्यासारखं बोलत होते.

"साहेब, फोटो आहे त्यांच्या घरी. लग्नाचा. भुवई बघा."

"भुवया बऱ्याच जणांच्या तुटलेल्या असतात, मॅडम," ते हळू म्हणाले. सदऱ्याच्या आत काही आहे का, ते त्यांनी बघितलं नाही. शिपायाला बटणं लावायला सांगितली. वरचं बटण उघडं होतं, तेसुद्धा.

"बायकोला आणा," कुणीतरी म्हणालं.

त्या आधीच आलेल्या होत्या.

~

गर्दीनं वाट दिली. शेवंताबाई उतरणीवरून दगडांना हात लावत खाली गेल्या. मी मागोमाग गेले. मला वाटलं, आता ओरडतील. मला वाटलं, आता निदान हे संपेल, आणि असं वाटल्याबद्दल माझी मला भीती वाटली.

त्या उकिडव्या बसल्या. त्याच्याकडं खूप वेळ बघितलं. कपाळावरचे केस सारखे केले, पायातली एक चप्पल निसटली होती ती उचलून दुसरीशेजारी नीट ठेवली. मग हात मागं घेतला आणि लुगड्याला पुसला.

"कुनाचा का असंना," त्या म्हणाल्या. "उन्हात नगा ठिवू."

"बाई," फौजदार म्हणाले, "हे तुमचे मालक आहेत का?"

"न्हाई."

वरून, गर्दीतून, एक सुस्कारा आला. एकाच छातीतून यावा तसा.

"बेवारस," फौजदार शिपायाला म्हणाले.

शेवंताबाई उठल्या. कुंकू घामानं ओघळून भुवयांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते तर्जनीनं वर सारून पुन्हा गोल केलं, हळूहळू, आरशात बघून करावं तसं. समोर मीच होते, म्हणून माझ्याकडं बघून केलं.

आम्ही चढून वर आलो. लोक पांगायला लागले होते. कुणी म्हणत होतं सल्ला, कुणी म्हणत होतं दम. अप्पांचा आवाज चढला, सरांचा त्याहून चढला. आता ते पुन्हा वेगवेगळे चालत होते.

खाणीच्या तोंडाशी शेवंताबाईंनी माझं मनगट धरलं. हात थंडगार होता, एवढ्या उन्हाचा.

"ताई, तुमी पेपरवाल्या. तुमाला समदं ठाऊक आसतं." आवाज खाली आणून, कुणी ऐकू नये असं, त्यांनी विचारलं, "जीपमदी बसताना त्यांनी मागं वळून बघितलं होतं का हो? माज्यासाटी? ते तेवढं छापून न्हाई आलं."

मी खाली बघितलं. दोन शिपाई सतरंजीची टोकं उचलत होते.

"हो," मी म्हणाले. "बघितलं होतं."

त्यांनी मान हलवली. मनगट सोडलं नाही.

"मग काय म्हनले?"

मी सांगितलं.